खुडूक कोंबडीला जाळीआड ठेवा, भिंतीआड नको

ताई, तुमचा प्रश्न असा आहे. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यात तुमच्याकडे नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, सगळे एकाच खुराड्यात. मागच्या वेळी एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने बसली, आणि अंड्याच्या खोक्यातच बसून राहिली. बाकीच्या तिच्याखाली रोज नवी अंडी घालत गेल्या. पिल्लं मागेपुढे निघाली, निम्मी अंडी वाया गेली, आणि निघालेल्यांतली दोन दुसऱ्या कोंबडीने टोचून मारली. आता पुन्हा एक खुडूक झालीय. तिला घरामागच्या खोलीत एकटी बसवू, अंडी उबवायचं मशीन घेऊ, की हा नादच सोडू, असं तुम्ही विचारलंय.

बसवाच. मशीन नको आणि बंद खोलीही नको. तिला त्याच खुराड्याचा एक कोपरा तारेच्या जाळीने वेगळा करून द्या, म्हणजे दुसरी कोंबडी आत येणार नाही, पण सगळ्या एकमेकींना दिसत राहतील. मागच्या वेळचं तुमचं नुकसान दोन कारणांनी झालं: अंडी एका दिवशी ठेवली गेली नाहीत, आणि पिल्लांना आडोसा नव्हता. या दोन गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. बाकीचं काम कोंबडीला येतं.

आधी ती खरोखर खुडूक आहे का ते बघा. दुपारी तासभर खोक्यात बसली म्हणजे खुडूक झाली असं नाही. लागोपाठ दोन रात्री ती दांडीवर न जाता खोक्यातच राहिली, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरली, बाहेर काढलं तर कुक-कुक करत परत तिथेच गेली, छातीखालची पिसं गळून कातडी उघडी पडली, तर ती तयार आहे. ती उघडी कातडी अंड्याला थेट लागते आणि ऊब देते. दिवसातून एकदाच उठून मोठी, घाण वासाची विष्ठा टाकते, हीही खूणच. तरी खरी अंडी लगेच देऊ नका. दोन-तीन दिवस गुळगुळीत गोटे किंवा प्लास्टिकची अंडी देऊन बघा. मन पक्कं असेल तर ती त्यांवरही बसते.

या दोन-तीन दिवसांतच जागा बदला, आणि ती रात्रीच बदला. अंधार पडल्यावर, आवाज न करता, गोट्यांसकट उचलून नव्या कोपऱ्यात ठेवायची. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या खोक्याकडेच धावते. सकाळी ती नव्या जागी शांत बसलेली दिसली की जिंकलात. मग त्या रात्री गोटे काढून सगळी अंडी एकदम खाली सरकवा, आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने गोल रेघ मारा. शाई किंवा स्केचपेन नको, कवचाला बारीक छिद्रं असतात. जाळी लावूनही एखादी कोंबडी आत शिरतेच. बिनरेघेचं अंडं दिसलं की त्याच दिवशी उचलायचं. दहाव्या दिवशी आलेलं अंडं एकतिसाव्या दिवशी फुटणार, आणि कोंबडी तोवर थांबत नाही. पहिली पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत ती त्यांना घेऊन उठते आणि मागची अंडी, आत जिवंत पिल्लू असलं तरी, गार पडतात. तुमची निम्मी अंडी अशीच गेली असणार.

अंडी कोणती ठेवायची? सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, स्वच्छ पण न धुतलेली. धुतलं की कवचावरचा संरक्षक थर जातो आणि घाण छिद्रांतून आत शिरते. फ्रिजमधली घेऊ नका. साठवताना टोकाकडची बाजू खाली ठेवा, दिवसातून एकदा हलक्या हाताने कलती करा, आणि घरातली सगळ्यात गार जागा निवडा. एप्रिल-मे मध्ये नाशकात घरातही तापमान तिशीच्या वर राहतं. तेवढ्या उष्णतेत कोंबडी बसायच्या आधीच गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. तेव्हा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात अंडी साठवा आणि तीन-चार दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका. आता डिसेंबरात ती काळजी नाही.

गावठी कोंबडीखाली तिची स्वतःची दहा-अकरा अंडी पुरेत. थंडीत नऊच ठेवा. बाहेरच्या कडेचं अंडं उघडं पडतं, कोंबडी फिरवताना तेच आत घेते आणि दुसरं बाहेर काढते; जास्त अंडी ठेवली की आळीपाळीने सगळीच गारठतात. गिरिराज किंवा वनराजची मोठी अंडी असतील तर सात-आठच. या सुधारित जाती आणि कडकनाथही क्वचितच खुडूक होतात, म्हणून त्यांची अंडी गावठीखाली ठेवायची पद्धत चांगलीच आहे. मात्र गिरिराजच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू आईबापासारखंच होईल असं धरून चालू नका. ते संकर आहेत, पुढच्या पिढीत गुण सारखे उतरत नाहीत.

कोपऱ्यात जमिनीवरच जागा करा. उंच खोकं नको, पिल्लं पडतात आणि परत चढता येत नाही. कोंबडीच्या अंगाएवढी उथळ पाटी घ्या, तळाला दोन बोटं किंचित ओलसर माती, तिला मध्ये हलका खोलगट आकार द्या, वर गव्हाचं काड किंवा भाताचं तणस. मातीमुळे ओल टिकते आणि अंडी कडेला घरंगळत नाहीत. तणसात कडुनिंबाचा पाला घाला. बसवायच्या आधी तिची पिसं उलटी करून, विशेषतः पंखाखाली आणि शेपटीखाली, उवा बघा. असल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घेऊन आधी तो निकाल लावा. तीन आठवडे एका जागी बसलेल्या कोंबडीवर उवा आणि रात्री रक्त पिणारे बारीक लाल किडे इतके वाढतात की सहनशील कोंबडीही अंडी सोडून उठते. खुराड्याच्या लाकडाच्या फटी चुन्याने भरून घ्या, ते किडे दिवसा तिथेच लपतात. घरातली शेतीची कीटकनाशकं मात्र कोंबडीवर किंवा अंड्यांवर कधीही मारू नका.

जाळीच्या आतच एका बाजूला पाणी आणि दाणे, आणि दुसऱ्या बाजूला राख-मातीची पाटी ठेवा. अखंड ज्वारी, मका, गहू असे दाणे बसलेल्या कोंबडीला उत्तम. पातळ हगवण होत नाही, पाटी स्वच्छ राहते. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, राखेत लोळते आणि परत बसते. एखादी उठतच नाही. तिला रोज ठरलेल्या वेळी उचलून दाण्यापाशी ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना बघा. आतच सगळं ठेवल्याचा फायदा असा की बाहेर जाऊन ती चुकून जुन्या खोक्यात बसत नाही. आणि कधी अंडी तासाभरासाठी गार पडली तर लगेच फेकू नका. तिला परत बसवा आणि चार दिवसांनी उजेडात तपासा. गर्भ वाटतो त्यापेक्षा चिवट असतो.

तपासणी सातव्या-आठव्या रात्री. मोबाइलचा टॉर्च पुरतो. अंधारात अंड्याची रुंद बाजू उजेडावर धरा. आत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये ठिपका दिसला तर ते चालू आहे. सगळं स्वच्छ पिवळसर दिसलं तर फळलेलं नाही, काढून टाका. आत लाल कडं दिसलं आणि शिरा नसल्या तर गर्भ मेलाय, तेही काढा. कुजलेलं अंडं फुटलं तर घाण बाकीच्या अंड्यांना लागते आणि तीही खराब होतात. नऊ कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा हे प्रमाण योग्य आहे, त्यामुळे रिकामी अंडी फार निघाली तर कोंबड्याचं वय आणि त्याचे पाय बघा. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा तपासा. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. काही घरांत शेवटी अंडी कोमट पाण्यात सोडून हलतात का बघतात. ते मला अजिबात पटत नाही. अंड्यावर बारीक चीर गेलेली असेल तर पिल्लू तिथेच बुडतं.

आणखी एक रूढी. ढग गडगडले की अंडी खराब होतात म्हणून पाटीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात. ठेवायचा तर ठेवा, अपाय नाही. पण पावसाळ्यात अंडी जातात ती गळक्या पत्र्याने, ओल्या तणसाने आणि त्यावर येणाऱ्या बुरशीने. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात तर आषाढ-श्रावणात बसवूच नये असं माझं मत आहे. आपल्याकडे दिवाळी ते शिमगा हा खरा हंगाम. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत कडाका फार असतो, तिथे खुराड्याची उत्तरेकडची बाजू रात्री गोणपाटाने झाका. छपराजवळची वरची फट मात्र उघडी ठेवा, दमट हवा बाहेर जायला हवी.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी कान लावा. पिल्लू कवचाच्या आतूनच बोलतं आणि कोंबडी हळू आवाजात उत्तर देते. या बोलण्यातूनच पिल्लांना आईचा आवाज कळतो, आणि तिलाही कळतं की काम संपत आलं. चोचीने भोक पाडल्यापासून बाहेर यायला अर्धा ते एक दिवस लागतो. या वेळात मदत करायचा मोह होतो. करू नका. आतल्या पडद्यातल्या शिरांत अजून रक्त फिरत असतं आणि पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो. घाईने कवच सोललं तर रक्त जातं. ओढून घेतलेल्या त्या बलकावर पिल्लू दोन दिवस दाणापाण्याशिवाय राहू शकतं, म्हणून पहिली निघालेली पिल्लं उपाशी आहेत या काळजीने कोंबडीला उठवूही नका. बाविसाव्या दिवसाच्या रात्रीपर्यंत वाट बघा, मग राहिलेली अंडी काढून घ्या.

आता पिल्लं कळपात कशी राहतील ते. नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं आणि सल्लेही इथेच चुकीचे मिळतात.

बरेच लोक आई-पिल्लांना दूरच्या खोलीत नेतात आणि दोन-तीन महिन्यांनी कळपात सोडतात. तोवर आई पिल्लांना सोडून गेलेली असते. म्हणजे बिचाऱ्या तलंगा (अजून अंड्याला न आलेल्या तरुण माद्या) आणि नर अनोळखी कळपात, पाठराखणीशिवाय उभे राहतात. कोंबड्यांत कोणी आधी खायचं, कोणी मागे सरायचं, याचा क्रम ठरलेला असतो आणि नव्याला तळापासून मार खात जागा मिळवावी लागते. शिवाय आईदेखील इतके दिवस दिसली नाही तर कळप तिला परकी धरतो, तिलाही परत भांडावं लागतं. याउलट पिल्लं पहिल्या दिवसापासून कळपाच्या डोळ्यांसमोर असतील तर त्यांचं वेगळेपण उरत नाही. आई सोबत असताना कोणी अंगावर आलं तर ती पंख पसरून धावून जाते. कळपातल्या दांडग्या कोंबड्याही पिल्लांच्या आईला वाट देतात. आईच्या या दराऱ्याचे पाच-सहा आठवडे असतात. तेवढ्यात पिल्लांनी कळपात राहायला शिकायचं.

म्हणून पहिला आठवडा आई-पिल्लं जाळीच्या आत. जाळी बारीक भोकांची हवी, निदान खालची दीड फूट. मोठ्या भोकांतून पिल्लं पलीकडे जातात, आई अलीकडे राहते, आणि नेमकं तेव्हाच त्यांना टोचलं जातं. आठवडाभराने, ऊन असलेल्या दिवशी, सांजेच्या तासभर आधी जाळी उघडा. त्या वेळी बाकीच्या चरून पोट भरून आलेल्या असतात, थोड्या वेळात दांडीवर जायच्या असतात, भांडायचा उत्साह कमी असतो. तुम्ही तिथे हजर राहा. एखादी कोंबडी येऊन पिल्लाला एक टोच मारते आणि निघून जाते, ती शिस्त आहे, तिकडे लक्ष देऊ नका. पण एखादी पिल्लाच्या मागे पळत जाऊन पुन्हा पुन्हा टोचते, ती खुनशी. तिला काही दिवस डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, ठेवा. कोंबडा सहसा पिल्लांना काही करत नाही, उलट खाणं दाखवून बोलावतो. हळूहळू वेळ वाढवत तीन-चार दिवसांत दिवसभर मोकळं सोडा.

मोकळी जागा हवी, ही अट मात्र पाळाच. मळ्यात तुमच्याकडे ती आहे. शहरातल्या गच्चीवर किंवा चार फुटांच्या पिंजऱ्यात हे जमत नाही, कारण पिल्लाला पळायला आणि आईला अंतर राखायला जागाच नसते. तिथे जाळी महिनाभर ठेवावी लागते.

दुसरी सोय म्हणजे लपायची जागा. डालगं उपडं करून चारी बाजूंनी विटांवर तीन-चार बोटं उचलून ठेवा. पिल्लं खालून आत शिरतात, मोठ्या कोंबड्यांना जाता येत नाही. पिल्लांचं खाणं-पाणी त्यातच ठेवा. यामुळे खाण्याचाही प्रश्न सुटतो. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम रोज पोटात गेलं तर त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. मोठ्यांना अंड्याचं खाद्य देत असाल तर ते पिल्लांच्या चोचीला न लागेल अशा उंचीवर टांगा. त्याहून सोपं म्हणजे पिल्लं लहान असेपर्यंत सगळ्यांनाच वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या अंडी घालतात त्या बरोबर जाऊन खातात.

पिल्लांना पहिले दिवस चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) मिळालं तर उत्तम. नाही तर बाजरीचा भरडा, तांदळाच्या कण्या, पेठ-सुरगाण्याकडची नागली आणि उकडलेलं अंडं कुस्करून. नुसत्या कण्यांवर पिल्लं जगतात पण वाढत नाहीत, पंख लोंबतात. शेणात पाचट कालवून मडकं भरा आणि वाळवी असलेल्या जागी उपडं ठेवा. एक-दोन दिवसांत वाळवी लागते आणि ती पिल्लांना टॉनिकहून चांगली. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड, कच्चं सोयाबीन आणि चाळीतला सडका कांदा देऊ नका. पाण्याच्या बशीत खडे घाला, पहिल्या आठवड्यात पिल्लं चक्क बशीत बुडून मरतात.

तुमच्याकडे शेजारी द्राक्षबाग असणार. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू असतात. फवारणीच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस आई-पिल्लांना बागेत जाऊ देऊ नका. पिल्लं पानावरचे थेंब पितात आणि मेलेले किडे खातात. शेजाऱ्यांना फवारणीचा दिवस आधी सांगायला सांगा, लोक सांगतात.

रात्री आई पिल्लांना घेऊन जमिनीवर झोपते. तिची जागा दांडीखाली नको, वरून विष्ठा पडते. जाळीचा कोपरा रात्री रोज बंद करा. घूस आणि मुंगूस खालून येतात, म्हणून जाळी वीतभर जमिनीत गाडा. दिवसा घार दिसली की आई इशारा देते आणि पिल्लं झुडपात शिरतात. अंगणात तूर, अळू, काही तरी गर्द असू द्या.

लसीकरण चुकवू नका. मानमोडी (राणीखेत रोग) आली की गावच्या गाव रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमाराला पुन्हा, सहा आठवड्यांचं झाल्यावर देवीची, आणि आठ आठवड्यांनंतर आरटूबी, ही मानमोडीचीच दुसरी लस. मधल्या गंबोरो रोगाच्या लशीबद्दल आणि तुमच्या भागातल्या साथीबद्दल डॉक्टरांना विचारा. लशीची एक कुपी शेकडो पिल्लांना पुरते, तेव्हा शेजारच्या चार घरांशी बोलून एकाच दिवशी उरका आणि कुपी बर्फातच आणा. पिल्लं आईखालून अंधार पडल्यावर काढा, ती दिवसासारखी अंगावर येत नाही. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ताची हगवण दिसली, पिल्लं पिसं फुलवून कोपऱ्यात उभी राहिली, तर ओलं तूस लगेच बदला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. यात एक दिवसही मोठा असतो.

पिल्लं कमी निघाली तर बाहेरची घालता येतात का? येतात, तीन अटींवर: वय दोन-तीन दिवसांच्या आत, तुमच्या पिल्लांएवढंच, आणि ती रात्री आईखाली सरकवायची. आणताना उबवणी केंद्रातून, लस टोचलेली आणा. बाजारातल्या पाटीतून मात्र नको. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा उत्तर महाराष्ट्राने पाहिलंय की कोंबड्यांचा आजार किती वेगाने फिरतो, आणि आईखाली घातलेल्या पिल्लाला वेगळं ठेवून बघायची सोय नसते.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात कधीतरी आई पिल्लांना टोचून दूर करायला लागते, रात्री दांडीवर जाते, तिचा तुरा लाल होतो आणि ती पुन्हा अंडी घालायला लागते. पिल्लांना तेव्हा वाचवायला जाऊ नका. ती घोळक्याने राहतील, डालग्याखाली खातील आणि काही दिवसांत दांडीच्या टोकाला जागा करतील. डालगं तेव्हाच काढू नका. आईचं संरक्षण गेल्यावरच्या पंधरवड्यात त्याची गरज सगळ्यात जास्त असते.

दुसरी कोंबडीही त्याच सुमारास खुडूक झाली तर दोघींना एका कोपऱ्यात बसवू नका, एकमेकींची अंडी ओढतात. नको असेल तर तिची खुडूक मोडा. त्यासाठी नाकपुडीत पीस खोवणं किंवा पाण्यात बुडवणं हे क्रूर आहे. खालून जाळी असलेल्या, हवेशीर, उजेडातल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, पोटाला गारवा लागला की ती आपोआप उठते. दाणा-पाणी मात्र भरपूर द्या.

एक हिशोब आत्ताच करून ठेवा: निघालेल्यांत साधारण निम्मे नर असतील. चार-पाच महिन्यांचे झाले की ते तलंगांच्या मागे लागतात आणि आपसात भांडतात. संक्रांतीच्या आसपास निघालेले नर आखाडापर्यंत विकायला तयार होतात, आणि गावठी कोंबड्याला तेव्हाच सगळ्यात चांगला भाव असतो. घरचा नर पुढच्या पिढीसाठी ठेवू नका; दुसऱ्या गावच्या, तुमच्या ओळखीच्या निरोगी कळपातल्या नराशी अदलाबदल करा, आणि आलेल्याला तीन आठवडे वेगळं ठेवून मगच कळपात घ्या.